दारातला निळा

नोंदवहीत एवढंच: माल्टाच्या वाटेवर, जहाजावरच,
वाळूच्या रंगावर निळा फासला.
कुठला निळा, हे लिहायला सवड कुणाला होती?

ताकालीच्या शेडमध्ये, प्रतिकृतीच्या कोऱ्या पंखावर
विस्तिन सतरा पट्ट्या मांडतो.
शेजारची टोना, वय ब्याण्णव, मान हलवते.
"यातला एकही नाही. आणि मला विचारू नकोस,
मोतीबिंदू काढल्यापासून
मला मीठसुद्धा निळं दिसतं.
दाराला विचार. भावानं तळावरून
उरलासुरला डबा ढापला होता."

मग दार. पात्याने, हलक्या हाताने:
हिरवा, पुन्हा हिरवा,
तिच्या लग्नाच्या वर्षीचा तांबडा,
आणि खाली नखाएवढा निळा.

जुळत नाही कशाशीच.
अंधारात तेल पिवळं पडतं,
ऐंशी वर्षं याला ऊन नव्हतं.
विस्तिन दार उन्हाकडे सताड टाकून
रोज दुपारी येऊन बघतो.

चौथ्या दिवशी टोना खुर्ची बाहेर ओढते.
"ओला होता तेव्हा बोट लावलं मी.
काय मारलं त्यानं!
त्यानंतर पंधरवडाच होता तो."

विस्तिन भिंग धरतो.
आहे. रेघा बारीक, लहान मुलीच्या.

नमुना तो जरा बाजूला खरवडून घेतो,
जिथे निळा पातळ आहे.