तीन चाकांचा नंदी

पहिल्या दिवशी मीच खोटं बोलले.
म्हटलं, बाबा गावाला गेलाय.
कनूनं विचारलं, कोणत्या गाडीनं?
आणि मी, मेडिकलमध्ये अकरा वर्षं वॉर्ड सांभाळलेली बाई,
म्हणाले, भंडाऱ्याच्या.

मग ती रोज साडेसातला
गेटची कडी काढून ठेवायची.
कूलरमध्ये दोन मग पाणी जास्त,
"बाबा घामानं येईल ना."
वैशाख संपला, खसाच्या ताट्या उतरल्या,
कडी उघडीच.

लोक म्हणायचे, लहान आहे, विसरेल.
अंथरूण ओलं व्हायला लागलं होतं.
भात खाताना ती मध्येच थांबायची.
वहिनी भिंतीकडे तोंड करून झोपलेली.

एका दुपारी लाईट गेली.
पंखा थांबला तसं मी सांगून टाकलं.
कनू, बाबा मेला.
पारडीच्या पुलाजवळ. ट्रक होता.
त्याचं अंग बंद पडलं, आता ते दुखत नाही,
आणि तो येणार नाही.

"मले माहीत होतं," ती म्हणाली.
"तूच सांगून नव्हती राहिली."
मग, बऱ्याच वेळानं,
"मी त्याचे खिळे सांडवले होते, म्हणून का?"
नाही.
"आईशप्पथ?"
आईशप्पथ.
चार दिवस तोच प्रश्न,
वेणी घालताना, नळाशी, झोपेतून उठून.
चार दिवस मी तेच उत्तर
नवं असल्यासारखं दिलं.

दादाच्या बाकड्याखाली नंदी सापडला.
सागाचा. शिंगं घासून झालेली,
डोळे नुसते पेन्सिलीनं काढलेले.
चाकं तीन.
गल्लीतला सुतार म्हणाला, चौथं मी बसवतो.
कनूनं नंदी पोटाशी धरला.
"हात नोको लावू."

मारबतीच्या सकाळी ती माझ्या खांद्यावर होती.
पिवळी आली, पोट्टे ओरडले,
इडा पिडा घेऊन जा गे मारबत!
ती वाकली माझ्या कानाशी.
"आत्या, तिले सांग, तो ट्रक घेऊन जा.
दवाखान्याचा वास घेऊन जा.
बाबाची शिट्टी नोको नेऊ म्हणा."
मी सांगितलं. गर्दीत, जोरानं.
कुणी वळून पाहिलं नाही,
तिथं सगळेच काहीतरी सांगून राहिले होते.

संध्याकाळी तान्हा पोळा.
सजवलेले नंदी सरळ चालले होते,
आमचा खट्ट कलंडायचा, खर्र घासत जायचा.
गहाणे काकूंनी विचारलं,
"काऊन गं, याचं चाक कुठं गेलं?"
मी मध्ये बोलणार होते.
"गेलं नाही," कनू म्हणाली.
"राहिलं. माझे बाबा मेले, मंग राहिलं."
काकूंनी दहाची नोट दिली,
मग डोळे पुसत आणखी एक.
कनूनं दुसरी परत केली.
"बोजाऱ्याची एकच राहते."

घरी वहिनी उंबऱ्यात येऊन बसली होती,
केस तसेच, विस्कटलेले.
कनूनं नोट तिच्या मांडीवर ठेवली.
वहिनीनं नंदी उलटा केला
आणि रिकाम्या आसावरून
बोट फिरवलं.

रात्री गेटची कडी कुणी लावली,
मला माहीत नाही.