शुद्धिपत्र

आप्पा मिरजेच्या छापखान्यात खिळे जुळवायचे.
उलटी अक्षरं वाचायची इतकी सवय
की माझं प्रगतिपुस्तक ते समोर बसून
माझ्या हातातच वाचून टाकायचे.

मी मँचेस्टरला, रात्रपाळीत,
चार अक्षरांची भाषा वाचते.
काना नाही, मात्रा नाही, पूर्णविराम तर नाहीच.
बावीस लाख अक्षरं एका दमात,
आणि यंत्र केवढं, तर काडेपेटीएवढं.

आजच्या नळीवर चिठ्ठी: रॉचडेल. वय एकोणीस. मणक्यातलं पाणी.
नाव आम्हाला कळवत नाहीत.

ग्लेनिस सांगते, तिच्या उमेदीत
जंतू बशीत वाढवायचे, शिजवलेल्या रक्तावर,
त्याचं पांघरूण सोलून त्याचीच लस करायचे.
हा बी गटातला मात्र लबाड.
पांघरूण थेट आपल्याच मज्जातंतूंसारखं;
घरच्या माणसाचा सदरा घालून आलेला चोर,
कुत्रंसुद्धा भुंकत नाही.
त्यात माझी अर्धी नोकरी गेली, ती म्हणते,
आणि चहात पडलेलं बिस्कीट चमच्यानं शोधत राहते.

मग कुणीतरी त्याची संहिताच वाचून काढली.
जंतू हाती न धरता
अक्षरांतच शोधलं,
याचं काय सदऱ्याबाहेर डोकावतं:
एखादं बटण, थोडंसं मनगट.
तेवढ्यावर लस बेतली.

मी ते मनगट तपासते आहे.
साडेतीन वाजलेत. शीतकपाट घुमतंय.
ओळीखाली ओळ जुळते, जुळते,
आणि सातशे बाराव्या जागी
'ध'चा 'मा'.

एकच अक्षर.
आप्पा म्हणायचे, चूक डोळ्याला चकवते,
बोटाला नाही.
मी पडद्यावर बोट ठेवते.
आहे. तिथेच आहे.

उजाडेपर्यंत हे अक्षर चार देशांत पोचेल,
पुढच्या लसीच्या टिपणात जाईल.
छापून झालेल्या पुस्तकाला आप्पा
शेवटी एक चिठ्ठी चिकटवायचे, खळीच्या वासाची:
पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध.

ज्यांच्या हाती प्रत आधीच गेली, त्यांचं काय?
मी विचारलं होतं एकदा.
आप्पा बोलले नाहीत.
रॉकेलमध्ये खिळे घासत बसले.

ग्लेनिस पुन्हा पाणी तापत ठेवते.
मी नळी उलटी धरून
चिठ्ठी परत वाचते.
रॉचडेल.
एकोणीस.