थंड रबर

डिसेंबर, पहाटेचे सहा, बाणेर रस्त्यावर नऊ अंश.
डॉक्टर टिपणीस शटरवर किल्लीने टकटक करतात.
"यासीन, आज बसवच."

चार टायर. कडेवर कोरलेला आकडा शंभर.
टूरवाल्या कुणाला हा आकडा समजावला
तर हसता हसता अमृततुल्यचा कप सांडेल:
आठ हजार किलोमीटर, सर्व्हिस रोडचे खड्डे धरून,
की संपलं.
खाचा नावाला, चार-दोन,
पोरांनी वहीत समास आखावा तशा.
या थंडीत नख मारलं तरी उमटत नाही.
हे रबर तापल्याशिवाय कुणाशी बोलत नाही.

पुढच्या चाकांचे माथे मी किंचित आत झुकवले,
हवा मुद्दाम कमी ठेवली, तापली की वाढेल म्हणून.
"तू म्हणशील तसं," डॉक्टर म्हणाले,
आणि मला एकदम प्रिस्क्रिप्शन लिहिल्यासारखं वाटलं.
डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला तेवढा.
तो लागणारच होता.

चाकणच्या पुढे एका कंपनीचा टेस्ट ट्रॅक,
रविवारी भाड्याने मिळतो.
मी पंप आणि गेज घेऊन शेजारच्या सीटवर,
हेल्मेट उसनं, एक नंबर मोठं.
पहिली फेरी, दुसरी फेरी. रबर जागं झालं.
वळणावर गाडी अशी चिकटली
की सकाळची मिसळ डाव्या बरगडीला लागली.
तिसरीत, लांब सरळ रस्ता संपताना,
डॉक्टरांनी सगळा पाय ब्रेकवर दिला
आणि पेडल दगड झालं.

गाडी थांबेना.

थांबली ती कच्च्यात, वाळल्या गवतात,
आमच्याच धुरळ्याने आम्हाला मागून येऊन गाठलं.

प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर, दाते मोजत बसलेला.
चाक इतक्या झटक्यात मंदावलेलं
त्याच्या कॉम्प्युटरने कधी पाहिलेलं नव्हतं.
कारखान्यात शिकवलेलं त्याला: असं फक्त बर्फावर होतं.
म्हणून त्याने ब्रेक सैल सोडला. आमच्या भल्यासाठी.
चाकणला बर्फ!
तो रसवंतीत, पोत्याखाली, भुशात.

डॉक्टर बराच वेळ मोज्यांतली कुसळं उपटत बसले.
मग म्हणाले, "कोथरूडच्या एक बाई आहेत, शिक्षिका होत्या.
गुडघा नवा बसवून वर्ष झालं.
एक्स-रे पाहिलास तर दृष्ट काढशील.
तरी जिन्यापाशी आल्या की जुनंच लंगडतात.
एकदा ओरडलो मी. तर म्हणाल्या,
अहो, मी कुठे लंगडतेय, तो पाय लंगडतोय."

मी म्हटलं, "डॉक्टर, एकदम लाथ नका घालू.
आधी नुसता टेकवा पाय, वजन पुढे येऊ द्या,
मग दाबा. म्हणजे तो दचकणार नाही."
पाच फेऱ्या नाही दचकला.
सहावीत दचकला, पण तेव्हा आम्हीही दचकलो होतो.

तापलेलं रबर रस्त्यावरचं सगळं उचलतं.
भोसरीपासून चाकांच्या कमानींत खडे वाजत आले.
नाशिक फाट्याला शेजारचा बुलेटवाला वाकून पाहायला लागला
की एवढ्या महागाच्या गाडीत फुटाणे कोण भाजतंय.

संध्याकाळी दुकानात स्क्रूड्रायव्हरने एकेक टोकरून काढले:
खडी, काचेचा तुकडा, कुणाच्या चपलेचा खिळा,
झेंडूची एक पाकळी, शिजल्यासारखी.
डॉक्टर गेले. त्यांचे जुने चार टायर
माळ्यावर टाकायचे राहिले होते.

माळ्याच्या शिडीची तिसरी पायरी तुटकी होती.
मागच्या बकरी ईदला मीच ती बदलली,
सागाची फळी, दोन्हीकडून बोल्ट.
टायर खांद्यावर घेऊन चढलो:
पहिली, दुसरी, चौथी.

खाली सुफियान फिस्सकन हसला.
उरलेले तीनही मी तसेच चढवले.