पाव पान

पतपेढीची स्मरणिका, पान एकोणचाळीस.
वर साईकृपा हार्डवेअरच्या शुभेच्छा, शेजारी पेढेवाले,
आणि कोपऱ्यात एक रिकामी चौकट :
सहा बाय नऊ सेंटिमीटर, पाव पान, बाराशे रुपये, रोख.

बिडकर काका स्टुलावर टेकले.
गाडी तारखेच्या चुकीच्या बाजूला लावून आलेले,
म्हणून एक कान अप्पा बळवंत चौकाकडे, टोइंगवाल्यांच्या भोंग्याकडे.
खिशातून वहीचा कागद, दोन्ही बाजूंनी भरलेला.
कै. सौ. वेणू बिडकर. प्रथम पुण्यस्मरण.

मी टाईप करत गेले.
चौकट भरली, कागद संपेना.
शब्द आत जात होते पण दिसत नव्हते.
खालच्या कडेशी एक ओळ अर्धीच उरली,
नुसत्या शिरोरेघा आणि वेलांट्या,
धरणातून पाणी सोडल्यावर
नदीपात्रात राहून गेलेल्या गाड्यांचे टप दिसतात, तशा.

"काका, अक्षर बारीक करू? चौकटच करते आपोआप."
एक टिचकी. बारा, दहा, आठ, साडेसहा.
त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.
"नको. चाळीस वर्षं खिळे जुळवलेत मी, शनिवारात.
खिळा कधी आक्रसला नाही.
जागा नसली की शब्द काढायचा."

मग काढत बसले.
'प्रेमळ' गेला.
'मनमिळाऊ' गेला. "तशी नव्हतीच फारशी."
शोकाकुलखालची नावं गेली, शेवटी स्वतःचंही.
तरी एक ओळ बाहेरच :
रेडिओ मोठा लावून ती भांडी घासायची.

मी कर्सर नेला.
"पुसू नका. कडेच्या खाली राहील ना ती?"
राहील. छापून येणार नाही.
"न येऊ दे."
तेवढ्यात भोंगा वाजला
आणि काका जिन्यावरून, त्या वयात, दोन दोन पायऱ्या.

रात्री अध्यक्षांचं मनोगत पुढच्या पानावर ढकलताना
वरची एक रिकामी ओळ पुसली
तर अख्खी चौकटच गेली.
तिचा नांगर त्या रिकाम्या ओळीत होता,
माझ्या ध्यानातच नव्हतं.
कंट्रोल झेड.
आली परत, होती तिथे, होती तशी.

खालची कड माउसनं धरली. बोटभर ओढली.
रेडिओ, भांडी, सगळं दिसलं.
पेढेवाल्यांच्या फोन नंबरावर चढलं होतं.
परत सोडली. सहा बाय नऊ.

पीडीएफ सकाळी प्रेसला गेली.
ती ओळ नाही गेली.
ती या मशीनवर आहे.