डाव्या बाजूची मिनिटं

ऑगस्टमध्ये आली तेव्हा तिची काठी चुकीची होती.
म्हणजे स्टिक बरोबर, धरायची तऱ्हा चुकीची.
डावा हात पार खाली घसरलेला,
जणू पुढे शंभर मेंढरं चाललीयत
आणि हिला कसली घाई नाही.
नाव विचारलं तर मायाक्का.
मायाक्का कोळेकर, जतच्या पलीकडची,
एफ.वाय.ला, हॉस्टेलची सात नंबर खोली.
प्राजू हसली.
मीही हसले, ते लपवत नाही.

तासगावातलं आमचं मैदान म्हणजे मुरूम, वर खडी.
चेंडू सरळ येईल असं समजू नये कुणी.
कुंपणापलीकडे बेदाण्याची शेड.
हंगामात गंधकाची धुरी येते थेट घशात
आणि आम्ही खोकत खोकत
पेनल्टी कॉर्नरचा सराव करतो.

मी डावी फुलबॅक. तीन वर्षं ती जागा माझी.
तिची मिनिटं मला पाठ आहेत, माझी नाहीत.
पलूसविरुद्ध शून्य. बाटल्या भरल्या.
विट्याविरुद्ध दोन,
तीही आम्ही पाच गोलनं पुढे असताना.
कराडविरुद्ध चार.
त्या चारात एकदा पायाला चेंडू,
एकदा स्टिकची उलटी बाजू.
शिकलगार सरांनी बाहेर बोलावलं
आणि काही बोलले नाहीत.
सर बोलत नाहीत तेव्हा पोरी रडतात.
ही येऊन माझ्या किटबॅगशेजारी बसली,
आणि नंतर मी बाहेर आले तेव्हा म्हणाली,
"ताई, डाव्या बुटाची नाडी सुटलीया. कवाधरनं बघतुय."

एकदा पहाटे गेले तर ही मैदानात, स्टिक नाही,
नुसती चालतेय. खाली बघत.
तेवीसच्या रेषेपासून डीपर्यंत, परत मागे.
वाटलं, खडे वेचतेय.
"न्हाई, वेचून किती वेचणार.
हितं उडतोय, बघा. आन् हितं मरतोय."
टाचेनं दाखवलं.
त्याच मातीवर माझी दोन्ही कोपरं सोललीयत,
दातही हललाय एक,
आणि कुठं उडतो ते मला सांगता आलं नसतं.

विचारलं, पुढं येऊन चेंडू का घेत नाहीस गं?
"मेंढरू पिकात घुसल्यावर पळून काय उपेग?
त्येच्या आधी वाटंत हुबं ऱ्हायचं. नुसतं."

मग इचलकरंजी. आमच्याच मैदानावर.
एक-शून्यनं पुढे होतो,
त्यांची नऊ नंबर दोनदा गेली मला टाकून,
दुसऱ्यांदा तर वळून बघितलंन तिनं.
गुडघा दुखत होता, हे खरं.
इतका नव्हता, हेही.
मी हात वर केला.
सरांनी घड्याळ बघितलं, माझ्याकडे बघितलं,
मग बाकाकडे.
अकरा मिनिटं राहिली होती.

नऊ नंबर आली, खांदा उजवीकडे टाकला,
चेंडू डावीकडे. मी बाकावर
आपोआप उजवीकडे कलले.
मायाक्का हललीच नाही.
चेंडू उडाला तिथं, टाचेनं दाखवलेल्या जागी,
आणि स्टिक तिथं आधीच टेकलेली,
चुकीच्या हातानं.
टक्. एवढाच आवाज.
कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत,
कारण झालं काहीच नव्हतं.

सामना बरोबरीत सुटला, गोल उजवीकडनं बसला,
प्राजूच्या पायांमधून. ती अजून कुणाशी बोलत नाही.

आता रविवारी मिरज.
काल सरांनी यादी लिहिताना डाव्या जागेपाशी
पेन झटकलं दोन-तीनदा.
शाई होती त्यात, मला दिसत होती.
मी उठून बाटल्या भरायला गेले.
नळाला धार बारीक, वेळ लागतो,
तिथून मैदान सगळं दिसतं.
ती सराव करत होती. डावा हात
अजून तिथंच, पार खाली.
सरांनी ते सांगायचं सोडून दिलंय.