घाडीचं गडी

शिष्यवृत्तीच्या अर्जात पहिला रकाना नावाचा
आणि मी तिथंच अडले.
खानापूरच्या कोर्टाबाहेर टाइप करणाऱ्या बसलिंगनं
माझा मराठी शाळेचा दाखला कानडीत उतरवला,
तेव्हा घाडीचं गडी झालं.
डॉक्टर सुलक्षणा गडी, त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं.
कानडीत गडी म्हणजे सीमा,
मराठीत गडी म्हणजे दुसऱ्याच्या रानात राबणारा.
दुरुस्तीचे वीस रुपये मागत होता.
क्षणभर वाटलं, असू दे, खोटं काय आहे त्यात.
मग दिले वीस.

वयोमर्यादा पंचेचाळीस.
म्हशीचं वय मी जबडा उघडून सांगते,
माझं मात्र कागदावरच लागतं:
चव्वेचाळीस वर्षं, दहा महिने, चार दिवस.

विषय: जांबोटी ते कणकुंबी,
म्हशींच्या अंगावरच्या गोचिडी
आणि रक्तातून चढणारा ताप.
तीन महिने बिदरला शिकायचं, मग वर्षभर हे रान.
बिदर राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला,
जायला अख्खी रात्र.
चंदगडला चहा प्यायला जाऊन येता येतं.

अभ्यासक्षेत्र, राज्य: एकच निवडा.
येडग्यांच्या म्हशी माघात ओढा ओलांडून पलीकडं चरतात,
कानात कर्नाटकाचा पिवळा बिल्ला,
पोटात महाराष्ट्राचं गवत.
गोचीड कुठल्या काठावर चढली
ते तिलाही विचारून कळणार नाही.

मागच्या वर्षीचं उत्तर दोन ओळींचं होतं:
प्रस्ताव चांगला आहे, व्याप्ती फार स्थानिक आहे.
मी ते औषधाच्या फ्रिजवर चिकटवलंय,
लसींच्या तापमानाच्या तक्त्याशेजारी.

तेवीस बाटल्या भरल्यात.
इंजेक्शनच्याच, धुऊन, स्पिरिट घालून.
त्यातल्या निम्म्याहून जास्त ठकू येडगेनं वेचलेल्या.
ती कासेखाली, कानाच्या पाळीमागं, शेपटीच्या मुळाशी
नुसतं बोट फिरवते
आणि नावं घेत जाते:
ही तांबडपायी, ही एरंडी,
आणि ही मुकी.
मुकी चावली तर जनावर शेपूटसुद्धा हलवत नाही.
मुकी दिसली की आठव्या दिवशी ताप.
मी वहीत तारखा मांडल्या.
अकरा म्हशी, नऊ वेळा बरोबर.
माझ्या पाठ्यपुस्तकात मुकी नाही.

"काय लिहूलालीस गं एवढं?"
"पैसे मागतेय. गोचिडी शिकायला."
ती इतकी हसली की म्हशीनं पाय उचलला,
चरवी कलंडता कलंडता राहिली.
"गोचिडी शिकायला पैसं देत्यात?
मग माझं किती वर्साचं थकलं ते बी लिव की."

म्हणून सहसंशोधक या रकान्यात तिचं नाव टाकलं.
पुढं पदवी. पुढं संस्था.
रिकामं सोडलं की पान पुढं सरकत नाही,
लाल अक्षरं उमटतात.
खर्चाच्या पानावर मात्र तिच्यासाठी जागा तयार होती:
प्रवास, काचसामान, रसायनं,
आणि शेवटी स्थानिक मजूर, रोजानं.
गडीच की.
बसलिंगकडं वीस रुपये उगाच घालवले.

जांबोटीच्या स्टँडामागं उंचवट्यावर रेंज येते.
रात्री साडेनऊला स्कूटर लावून उभी राहिले,
मागं बंद हॉटेल, पुढ्यात एक कुत्रं,
त्याच्याही कानात दोन.
पदवी: मुकी ओळखते.
संस्था: येडग्यांचा गोठा, तीन पिढ्या.
पान पुढं सरकलं.
यंत्राला फक्त रिकामी जागा चालत नाही, एवढंच.
वाचणारा पुढं कुणी बसला असेल
तो खुर्चीत मागं रेलेल, किंवा हसेल,
किंवा दोन ओळी लिहील.

गोल चक्र फिरत राहिलं.
मी कुत्र्याजवळ बसले, चिमटा काढला.
एक सुटली.
दुसरी घट्ट होती, तिला वेळ लागला.
उद्या ठकूला दाखवायला हवी,
मला ही कुठली ते सांगता येईना.