जूनमध्ये दुबई स्वस्त

दर्यापूरच्या एजंट पोरानं पडद्यावर बोट ठेवलं,
जूनमध्ये कोणी जात नाही काकाजी,
हॉटेलं निम्म्यावर येतात,
पंचेचाळीस टेंपरेचर असते तिथं.

हे हसले. खूप दिवसांनी, दात दिसतील असे.
"पंचेचाळीस? थे त आमच्या आंगनात असते बापा.
काढ दोन तिकिटं."

चौतीस वर्षं एसटीत घंटी ओढलेला माणूस.
दर्यापूर-अकोट, दर्यापूर-मूर्तिजापूर.
मागे न वळता सांगायचा, गाडीत माथी किती,
आणि कुणाचा रुपया राहिला
तर दुसऱ्या फेरीला हाक मारून द्यायचा.

यांनी वहीत पान आखलं.
दशम्या बत्तीस: माणशी चार, दिवस चार.
जवसाची चटणी. सातूचं पीठ, सकाळसाठी.
पाणी तापवायची किटली, जावयाकडून उसनी.
लाडू मात्र मी दोनदा केले,
त्या देशात खसखस चालत नाही हे उशिरा कळलं.
पहिले शेजारच्या रेणुकाच्या पोरांनी दोन दिवसांत संपवले.
तो खर्च वहीत लाल शाईनं आहे.

आणि उन्हासाठी कांदा. एक यांच्या खिशात,
एक माझ्या बटव्यात.
नागपूरच्या विमानतळावर वर्दीतल्या मुलीनं
माझा कांदा वर धरला, फिरवून पाहिला,
काही न बोलता परत बटव्यात ठेवला.
इकडचीच असणार.

तिथं कसं भागवलं ते गावाला आता पाठ आहे.
दुपारभर दुकानांच्या गारव्यात बसायचं,
काही घ्यायचं नाही.
कारंजं रात्री, फुकट.
जगातला सगळ्यात उंच मनोरा
खालून पाहिला तर तोही फुकट,
मान दुखते तेवढीच.

खाडी ओलांडायला होडीत एक दिरहम.
यांनी दिला, आणि हात तसाच पुढे ठेवला.
तिकीट काही येईना.
पलीकडचा काठ आला, माणसं उतरली,
हे अजून नावाड्याकडे पाहत.
रात्री गादीवर उठून बसले.
"बिनतिकिटी उतरलो ना वं आपण."

शेवटच्या दिवशी मला बाकावर बसवून गेले कुठंतरी.
परत आले तेव्हा हातात
मनोऱ्यावर जायचं तिकीट. एकच.
किती पडले ते वहीत लिहिलं नाही,
मी नंतर शोधलं.
"जाय. मी बॅगा पायतो."
बॅग एकच होती, दशम्या संपल्यामुळे
तीही लुळी पडलेली.

वर काचेपलीकडे काही नव्हतं.
पांढुरकं, पिवळट, नुसती धूळ.
मे महिन्यात आपलं खारपाणपट्ट्यातलं शिवार
जसं दिसतं, म्हणजे दिसत नाही, तसं.
शेजारी एक बाई नवऱ्यावर चिडली होती,
भाषा कळली नाही, पण
पैसे वाया गेले हेच म्हणत होती.
मी कांदा मुठीत धरून
तासभर काचेला कपाळ लावून उभी राहिले.
तिकीट वसूल व्हायला नको?

खाली हे तिथंच. बॅग मांडीवर,
दोन्ही हात तिच्यावर,
पूर्वी पैशांच्या चामडी पिशवीवर असायचे तसे.
"काय दिसलं?"
समुद्र, मी म्हटलं.
आणि जहाजं.
यांना आकडा लागतो, म्हणून म्हटलं,
अकरा.

आता ग्रामपंचायतीपुढच्या सिमेंटच्या बाकावर
कोणी नवा माणूस टेकला की हे सुरू होतात.
होडी, कारंजं, खसखस, नागपूरची पोरगी,
मग जरा थांबून, आवाज उतरवून,
"अन् वरून समुद्र दिसते, भाऊ.
अकरा जहाजं. त्यातलं एक लाल."

मी ओट्यावर ज्वारी निवडत ऐकते.
लाल मी म्हटलं नव्हतं.